वेणीचा वेग मोजणाऱ्या भोईर बाई

डॉ. वत्सला भोईर यांची आणि माझी पहिली भेट उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या छपाईच्या दुकानात झाली. मी तिथे संगणकावर मजकूर जुळवण्याचे काम करतो. तेव्हा नुकताच लागलो होतो. लग्नपत्रिका, चपलांच्या खोक्यांवरची लेबले, वाढदिवसाचे फलक हे आमचे रोजचे काम. बाई हाताने लिहिलेले कागद घेऊन आल्या. दुकानाचे मालक लालचंद सेठ यांनी वरचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“मॅडम, ही काय लग्नाची पत्रिका आहे का? दोन तारे, जोडी, एकमेकांभोवती फिरतात...”

“लग्नच आहे, सेठ. त्यातला एक दुसऱ्याला भाजून काढतोय.”

“मग तर पक्का लग्न है, साईं!” सेठ म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवले.

ते बाईंच्या एका इंग्रजी शोधनिबंधाचे मराठी टिपण होते. बाई आपल्या प्रत्येक निबंधाचे असे टिपण लिहितात, छापून घेतात आणि अंबरनाथ-बदलापूरच्या शाळांत, वाचनालयांत, ओळखीच्या घरांत वाटतात. “हे कोण वाचणार?” असे विचारणारे मला पुष्कळ भेटले आहेत. मी वाचले. त्यांना माझे उत्तर एवढेच आहे.

मला चुकांची फार भीती वाटते. शब्दकोश उघडल्याशिवाय मी जोडाक्षर पुढे जाऊ देत नाही. ते टिपण जुळवून झाल्यावर मी मुद्रित तपासत होतो आणि एका वाक्यापाशी अडलो. आधी लिहिले होते की हा तारा दुर्बिणीतून दिसत नाही, आणि पुढच्याच ओळीत त्याचे वस्तुमान दिले होते. मी समासात पेन्सिलीने लिहिले, “दिसत नाही तर वजन कसे कळले?” नंतर वाटले, हे काही मुद्रितशोधन नव्हे. म्हणून खोडले. पण खोडलेलेही दिसत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते पाहिले आणि विचारले, “हे कोणी लिहिलं?”

मी म्हणालो, “माझ्याकडून राहून गेलं, मॅडम. काढतो.”

“काढू नकोस. बरोबर जागी विचारलंयस. ते वाक्य मीच नीट लिहिलेलं नाही.” आणि त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या स्वतःचे वाक्य खोडून त्या जागी चार नवी वाक्ये लिहिली. मोठ्या माणसाने माझ्यादेखत स्वतःचे लिहिलेले खोडल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जाताना त्या म्हणाल्या, “रविवारी मोकळा असलास तर घरी ये. मला एक मोजणारा माणूस हवाय.”

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यात मला लेख मागितला, याचा मला आनंद झाला आणि धसकाही बसला. बाकीचे लेखक प्राध्यापक आहेत. मी बारावीच्या पुढे गेलेलो नाही, आणि बारावीही पूर्ण नाही. गौरव समितीतल्या एका सदस्यांनी मला फोन करून सांगितले, “हे बघ, ते दुसऱ्या गटाबरोबरचं प्रकरण नको. आनंदाचा प्रसंग आहे. बाईंची नम्रता, साधेपणा, यावर चार शब्द लिही.”

त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बाई नम्र नाहीत. आणि ते प्रकरण वगळून बाईंवर लिहिणे मला जमणार नाही. एका मोठ्या, गाजलेल्या निष्कर्षावर बाईंनी हरकत घेतली. ती मागे घ्या, असे त्यांना परक्यांनी सांगितले, आपल्यांनी सांगितले, भल्यासाठी म्हणून सांगितले. त्यांनी ती मागे घेतली नाही. आजही घेतलेली नाही. बाईंचा गौरव करायचा तर या गोष्टीचा करावा लागेल. लेख समितीला पसंत नसेल तर परत करावा. कापून छापू नये, ही विनंती.

हरकत कसली, हे समजण्यासाठी आधी काम समजले पाहिजे. मला ते जसे समजले तसे लिहितो.

मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर त्याचा जो दाबला गेलेला गाभा उरतो, तो न्यूट्रॉन तारा. त्यात सूर्यापेक्षा जास्त द्रव्य असते आणि आकार मात्र अंबरनाथपासून नेरळपर्यंतच्या अंतरात मावेल एवढाच. असा तारा जास्तीत जास्त किती जड असू शकतो, याचे उत्तर अजून कोणाकडे पक्के नाही. त्या उत्तरावर द्रव्याच्या स्वभावाविषयीचे बरेच काही अवलंबून आहे. म्हणून जगभर लोक न्यूट्रॉन ताऱ्यांची वजने करतात. तारा एकटा असेल तर ते फार कठीण जाते. त्याला सोबती असेल, दोघे एकमेकांभोवती फिरत असतील, तर करता येते.

पहिल्या रविवारी बाईंनी मला विचारले, “फुगडी पाहिलीस ना?”

“हो.”

“एक मुलगी भारी, एक हलकी. भारी मुलगी जवळजवळ जागच्या जागी फिरते, हलकी लांबवर भिरभिरते. आता समज, भारी मुलगी काळोखात आहे. दिसतच नाही. पण हलकी किती वेगाने भिरभिरतेय ते मोजलंस, तर तिचे हात धरणारी किती जड आहे ते सांगता येईल की नाही?”

तो वेग मोजण्यासाठी वर्णपट लागतो. सोबत्याचा प्रकाश रंगांत पसरवला की त्या पट्ट्यात काळ्या बारीक रेषा दिसतात. कोणती रेषा हायड्रोजनची, कोणती मॅग्नेशियमची, हे ठरलेले असते. तारा आपल्याकडे येऊ लागला की रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाऊ लागला की तांबड्या बाजूला. हे सरकणे मोजायचे. आमचे काम एवढेच; पण ते फार जपून करावे लागते. शेवटच्या गणितात वेगाचा घन येतो, त्यामुळे वेगातली लहान चूक वजनात जवळजवळ तिप्पट होऊन उतरते.

बाई ही मोजण्याची वृत्ती कुठून घेऊन आल्या, असे मी त्यांना एकदा विचारले होते. त्यांचे घर बदलापूरजवळच्या गावातले, शेतीचे. आईचे माहेर खाडीकाठचे, मिठागराचे. लहानपणी मामाच्या घरी चुलीत मीठ सांडले की जाळ पिवळाधमक होई, आणि मामी ओरडे. बाई मुद्दाम सांडत. “दुसरं काही टाकलं तर तसा पिवळा येत नाही, एवढं मला कळलं होतं. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याचा राग आला होता मला,” असे त्या म्हणाल्या. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. भोईरांच्या घरातली मुलगी पदवीपर्यंत शिकली हेच तेव्हा खूप होते. बाईंनी इथल्याच एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी. केली, सुट्टीत दक्षिणेकडच्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत जाऊन त्या स्वतः निरीक्षणे करत. नात्यातले लोक म्हणत, “मास्तरीण झाली ती झाली, आता चांदण्या मोजते.” बाई त्यांना उलट विचारत, “तुम्ही काय मोजता?”

निवृत्तीनंतर त्यांच्यामागे कोणतीच संस्था उरली नाही. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींची निरीक्षणे काही काळानंतर सर्वांसाठी खुली होतात. अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, बाहेरच्या खोलीत, बाई ती उतरवून घेतात आणि काम करतात. रविवारी मी असतो.

या घरात एक नियम आहे. वर्णपटांचा क्रम संगणकाकडून विस्कटून घ्यायचा, म्हणजे आपण मोजतोय तो वर्णपट कक्षेतल्या कोणत्या जागचा आहे हे मोजणाऱ्याला कळत नाही. मग बाईंनी वेगळे मोजायचे, मी वेगळे मोजायचे. दोघांचे पूर्ण होईपर्यंत एकही आकडा तोंडातून काढायचा नाही. कारण दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला हात नकळत तिकडे झुकतो. मोजणी चालू असताना त्या घरात फक्त जेवणाविषयी बोलता येते.

एकदा बाईंचे धाकटे भाऊ दामूकाका बदलापूरहून वालाच्या शेंगा घेऊन आले. ते शेतकरी आहेत, मोकळ्या स्वभावाचे आहेत. बाई मोजत बसल्या होत्या. काका त्यांच्या पाठीमागे उभे राहिले, पडद्याकडे बघितले आणि तिथला आकडा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मी पलीकडच्या टेबलावर तोच वर्णपट मोजत होतो.

बाईंनी हातातला माऊस सोडला आणि मागे वळून पाहिले.

“काय झाला गो ताय?” काकांनी विचारले.

बाईंनी त्या दिवसाची आपली सगळी मोजणी पुसली. मला म्हणाल्या, “तुझीपण पूस. परत विस्कटून घेऊ.”

“मी निस्ता वाचला गो! चोरला नाय!”

“दामू, तू वाचलास ना, तो आता याच्या कानात बसलाय. काढून देशील?”

काका रुसले. शेंगा ठेवून निघाले. बाईंनी त्यांना जिन्यावरून परत बोलावले, जेवायला बसवले, पण पुसलेली मोजणी काही परत आणली नाही. आम्ही पुढच्या रविवारी पहिल्यापासून बसलो.

आता हरकतीकडे येतो. एका जोडीतला न्यूट्रॉन तारा फार जड आहे, सूर्याच्या दोनपटीहूनही बराच जास्त, असा निष्कर्ष एका मोठ्या संशोधक गटाने प्रसिद्ध केला. त्याची सगळीकडे बातमी झाली. त्या गटाचे नाव लिहू नकोस असे बाईंनी मला बजावले आहे, म्हणून लिहीत नाही. बाईंनी त्यांचेच खुले झालेले वर्णपट घेतले आणि निबंधातली एक जागा मला दाखवली.

“ही जोडी भाजणारी आहे. न्यूट्रॉन तारा सोबत्याला एकाच बाजूने तापवतोय. म्हणजे फुगडीतल्या मुलीचा चेहरा उजेडात आणि पाठीवरची वेणी अंधारात. चेहरा आतल्या बाजूला, त्याचा वेग कमी. वेणी बाहेर उडते, तिचा जास्त. मुलीचा खरा वेग या दोहोंच्या मधे कुठेतरी. यांनी मोजल्यात मॅग्नेशियमच्या रेषा. त्या थंड बाजूच्या.”

“म्हणजे यांनी वेणी मोजली,” मी म्हणालो.

“वेणी मोजली आणि मुलीचं वजन सांगितलं.”

त्या गटाने या गोष्टीसाठी दुरुस्ती केली होती. पण किती केली आणि कशाच्या आधारे, ते निबंधात नव्हते. बाईंनी तापलेल्या बाजूच्या, म्हणजे हायड्रोजनच्या रेषाही मोजल्या, मॅग्नेशियमच्याही मोजल्या, आणि लिहिले की या वर्णपटांवरून तारा एवढा जड असल्याचे सिद्ध होत नाही. तो बराच हलका असू शकतो. निबंध छापून आला. त्यावर बाईंच्या नावाखाली माझेही नाव आहे. मी नको म्हटले होते. नियतकालिकाला प्रत्येक लेखकाची संस्था लागते, आणि मला संस्था नाही. बाई म्हणाल्या, “तू मोजलंस ना? मग पत्ता सांग.” माझ्या नावापुढे उल्हासनगर कॅम्प ५ असे छापले आहे. तो निबंध सेठनी दुकानात काचेखाली लावला. लोक त्यात लग्नपत्रिकेचा नमुना शोधतात.

यानंतर जे झाले, ते समितीला नको आहे, आणि तेच मला सांगायचे आहे.

काही महिन्यांनी बाई त्याच वर्णपटांतून वेगळे काहीतरी काढत होत्या. ती जोडी आणि आपण यांच्यामधल्या पोकळीतही विरळ वायू असतो, त्यात सोडियम असते, आणि त्याच्या दोन बारीक रेषा वर्णपटात उमटतात. हा वायू त्या जोडीचा भाग नाही. तारा कसाही फिरो, या वायूच्या रेषा जागच्या हलायला नकोत. बाईंनी सगळे वर्णपट एकाखाली एक लावले. निम्म्या वर्णपटांत त्या रेषा एका ओळीत होत्या. उरलेल्यांत सरकल्या होत्या.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी दुर्बिणीच्या संकेतस्थळावरच्या सूचना पुन्हा वाचल्या आणि त्यांच्या लक्षात आले. आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तोही वेग मोजणीत मिसळतो आणि तो वजा करावा लागतो. सुरुवातीच्या वर्णपटांत तो वजा केलेला नव्हता, आपण करायचा होता. नंतरच्या काळात वेधशाळा तो वजा करूनच वर्णपट देऊ लागली होती. बाईंनी सगळ्यांतून केला. म्हणजे निम्म्यांतून दोनदा झाला.

ही चूक बाईंची होती, आणि ती मोजण्यातली नव्हती, त्याच्या आधीची होती. मी घाबरलो. दामूकाका त्या दिवशी आले होते. त्यांना मी सगळे समजावून सांगितले.

“म्हंजे आपला मीठ तिथं पन हाय कं?” त्यांनी आधी हे विचारले.

“आहे,” बाई म्हणाल्या. “त्यानेच दाखवलं.”

“मंग कोनाला कललंय? गप ऱ्हा ना, ताय.”

“मला कळलंय ना.”

त्याच दिवशी बाईंनी नियतकालिकाला कळवले. कोणते वर्णपट चुकले, का चुकले, सुधारून आकडा किती आला, सगळे. सुधारल्यावर ताऱ्याचे वस्तुमान बाईंच्या पहिल्या आकड्यापेक्षा वाढले. म्हणजे ते त्या गटाच्या आकड्याकडे सरकले. तरी त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. चेहरा आणि वेणी यांचा प्रश्न जसा होता तसाच राहिला.

पण बाहेर बोलणे वेगळे झाले. भोईर बाई चुकल्या. घरी बसून असेच होणार. वय झाले. ज्यांनी तो निबंध उघडूनही पाहिला नव्हता, तेही बोलले. बाईंच्या हितचिंतकांनी त्यांना सुचवले की आता सगळाच निबंध मागे घ्यावा, म्हणजे अब्रू राहील. बाई प्रत्येकाला एकच विचारत, “सगळा म्हणजे कोणता? चुकलेला भाग मी बदललाय. उरलेल्यात काय चुकलंय?” त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. उत्तर नसताना सल्ला द्यायला मात्र सगळे तयार होते. हे वाक्य कठोर आहे, याची मला कल्पना आहे. मी ते तीनदा वाचले आणि ठेवले.

मग एका रविवारी त्या गटातल्या एका ज्येष्ठ संशोधकांचा फोन आला. बाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, हात पिठात होते, म्हणून मी फोनचा स्पीकर लावून ओट्यावर ठेवला. दामूकाका पाटावर बसले होते. समोरचे गृहस्थ मराठीच होते आणि अतिशय मृदू बोलत होते.

“मॅडम, तुम्ही चूक स्वतःहून कळवलीत, त्याचं आम्हाला कौतुक आहे. पण आता पूर्ण निबंधच मागे घेतलात तर ते जास्त शोभून दिसेल.”

“शोभेचं राहू दे. वस्तुमान तुमच्याकडे थोडं सरकलं, ते मी मान्य केलंय. तुमच्यापर्यंत आलेलं नाही.”

“पण एकदा चूक निघाली की वाचणाऱ्याचा विश्वास...”

“वाचणाऱ्याचं वाचणारा बघेल. तुम्ही वेणीचं सांगा.”

“कशाचं?”

“मॅग्नेशियमच्या रेषा ताऱ्याच्या कोणत्या बाजूच्या, ते.”

“ते आमच्या मॉडेलमध्ये धरलेलं आहे, मॅडम.”

“किती धरलंय?”



“ते जरा तांत्रिक आहे.”

“मी तंत्राचंच विचारतेय. किती धरलंय, कशावरून धरलंय, ते लिहा. मला पटलं तर हरकत मागे घेते. आज घेते. तव्यावरची भाकरी उतरवायच्या आत घेते.”

“मंग लिवा ना रं बाबा!” दामूकाका पाटावरून ओरडले.

“कोण आहे तिथे?”

“माझा भाऊ आहे. त्याला पटलंय, तुमचं राहिलंय.”

त्या गृहस्थांनी हसून विषय बदलला. म्हणाले, पुढच्या निबंधाचे काम चालू आहे, त्यात बाईंनी सहलेखक म्हणून यावे, सगळे मिळून एकच आकडा देऊ, वाद संपेल. खोटे कशाला बोलू, मला ते ऐकून हायसे वाटले. एवढ्या मोठ्या माणसांबरोबर बाईंचे नाव येणार होते.

बाईंनी भाकरी उलटली. “माझं नाव घालू नका, साहेब. हायड्रोजनची रेषा घाला.”

फोन ठेवल्यावर काकांनी विचारले, “ताय, तो रागावला कं?”

“रागावला असेल. तू जेव.”

या सगळ्या काळात बाई रुक्ष झाल्या होत्या असे कोणी समजू नये. त्याच महिन्यात माझ्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मला दुकानातून निघता येत नव्हते. बाई अंबरनाथहून रिक्षाने आल्या, आईला पेज भरवली आणि दुपारभर तिच्याजवळ बसल्या. आईने त्यांना विचारले, “डोळ्यावर पट्टी आहे, तरी मला रंग दिसतात, ते कसले हो बाई?” बाई म्हणाल्या, “ते आतले आहेत, बाहेरून आलेले नाहीत. त्यांचा आनंद घ्या, मोजू नका.” आई अजून हे सगळ्यांना सांगते. मी बारावीला पुन्हा बसावे की नाही, यावर बाईंनी मला कधी उपदेश केला नाही. एकदा मीच विचारले, तेव्हा म्हणाल्या, “बसायचं तर बस, मी शिकवीन. नाही बसलास तरी रविवारी ये.” मी यंदा बसतो आहे.

त्या गटाचा पुढचा निबंध गेल्या वर्षी आला. मी तो छापून बाईंकडे नेला. बाईंनी तो खुर्चीत बसून सलग वाचला. त्या गटाने या वेळी हायड्रोजनच्या रेषा मोजल्या होत्या. मॅग्नेशियमच्याही मोजल्या होत्या. दोन्ही बाजूंचे वेग वेगवेगळे दिले होते. तापलेल्या बाजूसाठी किती दुरुस्ती केली, ते सविस्तर लिहिले होते. आणि ताऱ्याचे वस्तुमान आता एका रुंद पट्ट्यात दिले होते. त्या पट्ट्याचे खालचे टोक बाईंच्या सुधारलेल्या आकड्याला सामावून घेत होते. ‘फार जड’ हे शब्द गेले होते. त्या जागी ‘जड असण्याची शक्यता’ असे आले होते.

मी शेवटची संदर्भांची पाने चाळली. पुन्हा चाळली. बाईंचे नाव कुठेच नव्हते.

“काम चांगलं केलंय,” बाई म्हणाल्या. “वागले वाईट.”

माझी अपेक्षा होती की त्या आता म्हणतील, जाऊ दे, शास्त्र पुढे गेले ना, बास. समितीतल्या सदस्यांचीही तीच अपेक्षा असावी. बाईंनी कागद ओढला आणि नियतकालिकाच्या संपादकांना लिहायला घेतले. हा मुद्दा आधी कोणी मांडला, कुठे मांडला, त्यात कोणती चूक झाली होती आणि ती कोणी सुधारली, हे निबंधात नोंदवले पाहिजे, असे त्यांनी लिहिले. स्वतःची चूकही त्यांनी त्यात गाळली नाही. शेवटी त्यांनी आणखी लिहिले की वेणीबद्दलची आपली हरकत निम्मीच मिटली आहे. तापलेल्या बाजूवरून थंड बाजूकडे उष्णता किती वाहते, ते या नव्या निबंधातही गृहीतच धरलेले आहे. ते मोजून दाखवावे.

पत्राला उत्तर आले नाही. बाईंनी दुसरे पाठवले. त्याची पोच आली, उत्तर आले नाही. एका परिचितांनी माझ्यादेखत त्यांना म्हटले, “बाई, या वयात हे भांडण बरं दिसत नाही. तुमचं म्हणणं त्यांनी मानलंच ना एका अर्थी?”

“एका अर्थी मानलं की दुसऱ्या अर्थी पुसता येतं,” बाई म्हणाल्या. “आणि वय माझं झालंय, निबंधाचं नाही.”

हा लेख लिहिण्यापूर्वी मी बाईंना विचारले की त्या दोनदा वजा केलेल्या वेगाबद्दल लिहू का. गौरवग्रंथात चूक लिहिली तर लोक तेवढीच लक्षात ठेवतील, अशी मला भीती होती. त्या म्हणाल्या, “ती गाळलीस तर हरकत कशी टिकली, ते कोणाला कळणार नाही. लिही. वर्णपट कोणते होते तेही लिही.” ते सगळे देणे इथे शक्य नाही, म्हणून निबंधात पाहावे एवढे नमूद करतो.

हा ग्रंथ वाचणाऱ्या सर्व ज्येष्ठांना, बाईंच्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना माझे सांगणे आहे. आपण बाईंचा सत्कार त्या जिंकल्या म्हणून करतो आहोत असे समजू नये. त्या अजून जिंकलेल्या नाहीत. तो तारा खरोखर किती जड आहे, हे आज बाईंना माहीत नाही, त्या गटालाही माहीत नाही. कदाचित तो जडच निघेल. बाई हे स्वतः सांगतात. त्या एवढेच म्हणतात की जे मोजले नाही ते मोजले असे म्हणू नका. आणि हे म्हणण्यासाठी संस्था, पद, अगदी स्वतःचा निर्दोष निबंधसुद्धा लागत नाही. मला हे पटते. ज्यांना पटत नसेल त्यांनी आकडे घेऊन यावे. रविवारी आम्ही घरी असतो.

परवा बाईंनी तिसरे पत्र पाठवले. ते जुळवून, तपासून मीच दिले. त्यात एकही चूक नाही, याची मी हमी देतो.

भोईर बाईंची नजर अशीच बारीक राहो, गुडघे त्रास न देवोत, दुसरा मजला त्यांना कधी उंच न वाटो. त्या पत्राला उत्तर यायला जितकी वर्षे लागतील तितकी त्यांना मिळोत. आणि ते उत्तर वाचून, तपासून, त्याला प्रत्युत्तर लिहायला त्याहून जास्त मिळोत.

निलेश सावंत
उल्हासनगर कॅम्प ५